रॅचेट घ्यायला जाताना खिशात नटबोल्ट ठेवा

परळच्या एका जुन्या चाळीतल्या पंपाच्या खोलीत माझी तीन बोटं सोलली, तेव्हा मी रॅचेट, म्हणजे नटबोल्ट फिरवायचा खटक्याचा दांडा, निवडायला शिकलो. स्वस्तातला 40 नगांचा डबा होता. 19 मिलिमीटरचा बोल्ट गंजून बसलेला. जोर लावला तसा आतला खटका चक्राच्या दातावरून सुटला आणि मूठ भिंतीवर आपटली. वरचे चार मजले पाण्याची वाट बघत होते.

म्हणून माझं सांगणं असं, की बजेट हजार-दीड हजाराचं असेल तर त्यातला मोठा वाटा दांड्याला द्या. गोट्या, म्हणजे दांड्याला लावून नटावर बसवायचे सॉकेट, रोज लागतात तेवढ्याच घ्या. मला पंपांना 13, 17 आणि 19 लागतात, डब्यातल्या बाकीच्या वर्षानुवर्षं तशाच पडून असायच्या. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी पटकन बसते खरी, पण झिजलेल्या नटाचे कोपरे तीच मारते.

दांडा अर्धा इंची, म्हणजे गोटी बसवायचं चौकोनी टोक चार सूत असलेला, घेतलात तर पंप, मोटारसायकलची चाकं, गाडीचं बरंचसं काम निघतं. फक्त स्कूटरची बारीकसारीक कामं करायची असतील तर तीन सूत हाताला हलका पडतो. दोन सूताचा दांडा नाजूक बोल्टांसाठी, त्याच्यावर कधी लोंबकळू नका.

आता दातांचं. 24 दातांचा रॅचेट दर खटक्याला 15 अंश फिरतो, 72 दातांचा 5 अंश. दांडा 25 सेंटिमीटरचा धरला तर पुढचा दात पकडायला त्याचं टोक पहिल्यात साडेसहा सेंटिमीटर सरकावं लागतं, दुसऱ्यात दोन-सव्वादोन. जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत भिंत आणि मोटर यांच्यात चार बोटं जागा असते, तिथे हा फरक कळतो. पण दात बारीक झाले की घडणही तितकीच चोख लागते. अगदी स्वस्तातला 72 दातांचा घेण्यापेक्षा त्याच पैशात 36 किंवा 45 दातांचा भक्कम घ्यावा असं माझं मत.

मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातो. तिथे एकाला लागून एक हत्यारांची दुकानं आहेत, एकाच मापाचे चार दांडे समोर ठेवून बघता येतात. खिशात एक चांगला नटबोल्ट असतो. नट हातानेच सैल फिरवून ठेवायचा, त्यावर गोटी लावायची आणि दांडा मागे न्यायचा. नटही दांड्याबरोबर मागे आला तर खटका जड आहे, अडचणीच्या जागी तो नट बसवताना छळेल. मग गोटी घट्ट धरून दांडा दोन्ही दिशांनी हलवून बघा. डोकं लुडबुडत असेल तर परत ठेवा. दिशा बदलायची कळ तेलकट अंगठ्यानेही फिरली पाहिजे, आणि काम करताना तळहात लागून आपोआप फिरता कामा नये. मागच्या झाकणाला स्क्रू असतील तर फार उत्तम, उघडून साफ करता येतं. त्या मॉडेलचा खटका-स्प्रिंग सुटा मिळतो का, हे तिथेच विचारून घ्या. दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं बघून भुलू नका, ते कोणीही कोरतं. नाशिकच्या टपारियासारखा माहितीतला माल पक्क्या बिलावर घ्यावा.

चोर बाजारात जुना चांगला दांडा मिळतो, पण चौकोनी टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर फुकटही नको.

आणखी एक, उरलेल्या पैशात त्याच मापाचा साधा टी-दांडा, म्हणजे खटका नसलेला T आकाराचा दांडा, नक्की घ्या. गंजलेल्या बोल्टला गंज सोडवायचं तेल मारून थांबायचं, पहिला झटका टी-दांड्याने द्यायचा, नट सुटला की मग रॅचेट लावायचा. रॅचेटला पाइप लावून ताकद काढली की दात तुटतात. पावसाळ्यात काम झालं की कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. डोक्यात ग्रीस अगदी थोडं, जास्त भरलं तर खटका चिकटतो आणि दात नीट पकडत नाही.