गावाच्या पाण्याचा इतिहास लिहायचाय? मग असं करा (मराठवाड्यापुरतं)

सगळ्यात आधी, धरणापासून सुरुवात करू नका. आपल्याकडं पाण्याचा विषय काढला की लगेच जायकवाडी चालू होतं, १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, मग वरच्या धरणांचं भांडण. सगळं खरंय, पण बऱ्याच गावांनी कॅनॉल बघितलेलाच नाही, त्यांचा इतिहास विहिरीत आहे.

म्हणून आधी आड, बारव, विहिरी फिरून बघा, फोटो काढा, मोबाइलवर लोकेशन टाका. विहिरीला मोटेची धाव (मोट ओढताना बैल जायचे-यायचे ती उतरती वाट) दिसली की समजायचं ही इंजिन, मोटर यायच्या आधीची. म्हातारी माणसं खोली परसात (म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात) सांगतात तर तशीच लिहून घ्या, फुटात नंतर बघू.

आता माणसं. "कोणत्या साली?" असं विचारलं की गप्प बसतात किंवा काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा रझाकारीच्या आधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात की त्याच्याही आधी, भूकंप झाला तेव्हा (१९९३), लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा (२०१६), असं विचारा, पटापट जागेवर बसतं. आणि बायकांना विचाराच. पारावरचे लोक योजना सांगतात, बाया सांगतात कोणत्या महिन्यात आड आटायचा आणि हंडा घेऊन कुणाच्या मळ्यात जावं लागायचं. आपल्याला नेमकं तेच पाहिजे.

बहात्तरला थोडा जास्त वेळ द्या. दुष्काळी कामावर कोण गेलं, मजुरी काय, सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे तो खाऊ) मिळाली का, आणि मुख्य म्हणजे गावात पाझर तलाव तेव्हाचा आहे का. असला तर त्यात पाणी किती साठतं हे विचारून उपयोग नाही, त्याचं काम मुळात जमिनीत पाणी मुरवायचं, त्यामुळं बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढलं का ते विचारा. गाळ भरला असंल तर कधीपासून, तेही.

कागदासाठी तलाठ्याकडं जा. गाव नमुना बारामधे (सातबाऱ्यातला बारा) जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो, जुने उतारे मिळाले तर कोणत्या गटात विहीर कधी दिसायला लागली ते कळतं. १९४८ च्या आधीचे बरेच कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, वाचणारा आधीच शोधून ठेवा.

शेवटी बोअर. हा भाग लोक टाळतात कारण प्रत्येकाचा हात त्यात असतो. आपल्याखाली काळा कातळ, पाणी वरच्या मुरमात नाहीतर खालच्या भेगांत, म्हणून शेजारच्या दोन बोअरचं नशीब वेगळं निघतं. पहिला बोअर कुणाचा, किती फुटांवर लागला, आता किती फूट जावं लागतं, त्याच्याशेजारची विहीर कधी आटली आणि त्याच सुमारास शिवारात ऊस आला का, हे एकाच वहीत शेजारीशेजारी लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असंल तर जिल्हा ऑफिसातून तिच्या पातळीचे आकडे मागून घ्या, ऐकलेलं ताडून बघता येतं.