क्लाइंबिंगला जाताय? मग सुरुवात पायथ्याच्या गावातून करा

पाऊस ओसरला की ग्रुपवर लगेच चालू होतं, या वीकेंडला कुठला कडा-सुळका, नागफणी की तैलबैला की खडा पारशी, रोप कोणाचा, लीड कोण मारणार (म्हणजे पहिला रोप घेऊन वर कोण चढणार), सगळं ठरतं, फक्त गावात फोन कोण करणार हे कोणी विचारत नाही. आणि नंतर गावाने गाडी अडवली की आपणच चिडतो.

आमचंच सांगतो. एका गावात पहाटे पोचलो, अंधारात जागा दिसली तिथे दोन गाड्या लावल्या आणि गेलो वर. दुपारी उतरलो तर एक मामा डोक्यावर भाताचा भारा घेऊन गाडी आणि बांधाच्या मधल्या फटीतून आडवे होऊन निघत होते, बैलगाडी मागे तशीच खोळंबलेली. आपला सीझन सुरू होतो तेव्हाच त्यांची भातकापणी असते हे आमच्या डोक्यातच नव्हतं. माफी मागितली, उरलेले भारे खळ्यापर्यंत नेऊन दिले. आता आदल्या आठवड्यात त्यांनाच फोन करतो, ते म्हणाले पुढच्या रविवारी या तर पुढच्या रविवारी.

तर पहिलं काम फोन. जमीन कोणाची ते विचारा, मालकीची, गायरान की वनखात्याची. मालकीची असेल तर मालकाला विचारायचं, ‘गावातला एक पोरगा ओळखीचा आहे’ ही परवानगी नव्हे. कोकणकडा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, बोरिवलीचे कातळ नॅशनल पार्कात, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय नाही.

दुसरं, आग्या मोहोळ. पायथ्याला बसून दुर्बिणीने अख्खी भिंत बघून घ्या, कातळाच्या छपराखाली काळपट पोळी लटकलेली दिसतात. रूटवर किंवा जवळपास असेल तर रूट सोडा, खाली धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्या की तुम्ही रोपवर अडकलेले असताच, पण खाली गुरं आणि गुराखीपण सापडतात, आणि ते गाव तुम्हाला परत दारात उभं करणार नाही.

दुर्बीण हातात आहेच तर पांढरे ओघळपण बघा. कड्याच्या कपारीखाली विष्ठेचे पांढरे पट्टे म्हणजे वर गिधाड किंवा शाहीन ससाण्याचं घरटं असू शकतं. लांब चोचीची गिधाडं कड्यावरच घरटी करतात, वर्षाला एकच अंडं, आणि त्यांचा विणीचा काळ हिवाळा, म्हणजे नेमका आपला सीझन. अशी भिंत पिल्लू उडेपर्यंत सोडून द्यायची, ड्रोनपण नाही उडवायचा.

नवीन बोल्ट, म्हणजे रोप अडकवायला कातळात भोक पाडून कायमचा बसवायचा खिळा, मारायची खाज असते ना, ती आवरा. आधी ज्यांनी रूट केलाय त्यांना विचारा, क्रॅकमध्ये प्रोटेक्शन (भेगेत अडकवून नंतर काढून घ्यायची साधनं) बसत असेल तर ड्रिल बॅगेतच राहू द्या. मारायचाच तर स्टेनलेस स्टीलचा, आपल्या पावसात साधं लोखंड गंजतं, आणि आधी हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तो दगड पोकळ आहे. कोरीव पायऱ्या, लेणी, टाकी, तटबंदी इथे मात्र एकही भोक नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या कायद्याखाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि समजा कोणी पकडलं नाही तरी गावाला ते भोक रोज दिसतंच.

चॉकच्या, म्हणजे पकड घसरू नये म्हणून हाताला लावतो त्या पांढऱ्या पावडरीच्या खुणा उतरताना ब्रशने पुसा. शेंदूर लावलेल्या दगडाला रोप बांधू नका (हो, बघितलंय). टाक्याचं पाणी पिण्याचं असतं, त्यात शूज धुवायचे नाहीत.

आणि स्टोव्ह. दिवाळीनंतर गवत वाळतं, एक ठिणगी आणि वणवा, म्हणजे कोणाच्यातरी गुरांची वैरण गेली. त्यापेक्षा गावात दोन घरी आधी सांगून ठेवा, पिठलं-भाकरी मिळते, सांगतील ते पैसे द्या, तिथे घासाघीस कसली करता. खाली आल्यावर त्याच घरी सांगून निघा की सगळे उतरलोय, नाहीतर अंधार पडला की बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला तीच पोरं वर जातात.