पेन ड्राइव्हमधील फोल्डरवर बाण दिसल्यास उघडू नका

प्रवेशाच्या दिवसांत नाशिकच्या कॉलेज रोडवर प्रिंट काढण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह दोन-तीन दुकानांतून फिरून येतो. घरी जोडल्यावर फोल्डरच्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर त्यावर क्लिक करू नये. तो फोल्डर नसून शॉर्टकट असतो. वर्मने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो, आणि तो उघडताच आपल्या फायली नेहमीसारख्या दिसत असतानाच वर्म संगणकात शिरतो व पुढे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवर स्वतःची प्रत टाकतो. 2008 मध्ये उघडकीस आलेल्या कॉन्फिकर या वर्मने ऑटोरनचा, म्हणजे ड्राइव्ह जोडताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, आधार घेतला होता. मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये जुन्या विंडोजमधील ती सोय पेन ड्राइव्हपुरती बंद केली, शॉर्टकटची युक्ती मात्र अजून चालते.

असे काही वर्म ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात, तर काही कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून परस्पर पाठवतात. म्हणून शंका आल्यास पासवर्ड त्याच संगणकावरून कधीही बदलू नये, कारण नवा पासवर्डही तसाच चोरीला जातो. स्वतःच्या मोबाइलवरून आधी ईमेलचा बदलावा, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्याच आधारे रीसेट होतात, मग बँकेचा. खात्यातून पैसे गेले असतील, तर विलंब न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

दुकानात द्यायला केवळ त्या कामाची पीडीएफ असलेला वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि घरी आणल्यावर उघडण्यापूर्वी तो अँटिव्हायरसने तपासावा.