खिडकीची जागा घेण्याआधी

तिकीट काढलं की लगेच जागेवर टिचकी मारू नका, आधी नकाशा उघडा. विमानाचं तोंड कोणत्या दिशेला असणार आणि जे बघायचंय ते कोणत्या हाताला येणार, हे पक्कं करा. दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय डावीकडे असतो, परतताना उजवीकडे. टोकियोहून ओसाकाला निघालात तर फुजी उजवीकडे. जाता-येताची जागा उलट बाजूंना घ्यायची असते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. लांबच्या प्रवासात सपाट नकाशा फसवतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारा दोरा ग्रीनलंडवरून जातो. बाजू ठरली की अक्षर सोपं. ‘ए’ म्हणजे डावी खिडकी. उजवी खिडकी तीन-तीन जागांच्या विमानात ‘एफ’, मोठ्या विमानात बहुधा ‘के’.

मग सूर्य. याचा विचार फार कमी लोक करतात आणि माझ्या मते निम्मा आनंद त्यावरच असतो. सूर्याच्या बाजूला बसलं की काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि डोंगर धुरकट दिसतात. उन्हाकडे पाठ असलेल्या खिडकीतून तेच डोंगर घडी न् घडी मोजता येतील असे दिसतात. दिल्ली-काठमांडू मार्गावर दुपारी ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणजे हिमालयाची बाजूच सावलीची. सूर्योदय किंवा सूर्यास्तच बघायचा असेल तर अर्थातच उलटं करा. सावलीच्या बाजूला आणखी एक गोष्ट मिळते. खाली ढगांची चादर असली की तिच्यावर विमानाची सावली शोधा. तिच्याभोवती रंगीत कडी दिसली तर ते इंद्रवज्र. सावली पुरेशी मोठी असेल तर नीट पाहा: कड्यांचा मध्य तुम्ही बसला आहात त्याच जागेवर असतो.

आता रांग. पंखाच्या बऱ्याच पुढची घ्या. मागची चालते, पण इंजिनाच्या गरम हवेमागे सगळं थरथरतं दिसतं. एटीआरसारख्या छोट्या विमानाचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते.

रांग पक्की करण्याआधी त्या विमानाचा जागांचा आराखडा पाहा. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे काही ठिकाणी वातानुकूलनाच्या नळ्या भिंतीतून जातात, तिथे खिडकीच नसते. मी एकदा ‘खिडकी’ म्हणून घेतलेल्या जागेवर सगळा प्रवास कोऱ्या भिंतीला खांदा लावून बसलो होतो. तेव्हापासून आराखडा बघितल्याशिवाय मी जागा घेत नाही.

पिशवीत काच पुसायला मऊ कापड ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या. फ्लाइट मोडवरही खिडकीशी जीपीएस बहुतेक वेळा लागतं आणि खालची नदी कोणती ते कळतं. पोलराइज्ड गॉगल नको, त्यातून विमानाच्या काचेवर रंगीत पट्टे दिसतात. शर्ट गडद रंगाचा घाला, पांढऱ्याचं प्रतिबिंब फोटोत येतं. कॅमेरा काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, नाहीतर विमानाचा कंप फोटोत उतरतो.

उतरताना शहर दिसेलच असं मात्र धरू नका. धावपट्टीवर कोणत्या टोकाने उतरायचं ते त्या वेळचा वारा ठरवतो.