शिवारात ट्रेनिंगचं विमान उतरलं तर

बेळगाव विमानतळाजवळ सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री भागात शेती असणाऱ्यांना ट्रेनिंगची ही छोटी विमानं नवीन नाहीत, भांगलताना मान वर करून कोण बघत पण नाही. पण मे २०२३ मध्ये त्यातलंच एक होनिहाळच्या शेतात उतरलं, आतल्या दोघांना किरकोळ लागलं, म्हणून हे लिहितोय.

आधी ते शेतात का येतं ते बघा. उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर उंची असते चार-पाचशे फूट, मागं रनवेकडं वळायला गेलं की वळणातच स्पीड जातो आणि विमान कोसळतं, म्हणून पायलटला शिकवलेलंच असतं की नाक खाली घे आणि समोर मोकळं दिसेल तिथं टेकव. म्हणजे ते सरळ येणार, तुम्ही आडवं पळा, व्हिडिओ नंतर काढा.

विमान थांबल्यावर त्याच्याकडं जाताना वारं तुमच्या पाठीवर पाहिजे, बिडी विझवून. पेट्रोल पंखांच्या आत असतं, सांडलेलं निळसर दिसतं आणि वास येतोच. पुढच्या पात्याला मात्र हात लावायचा नाही, बंद दिसलं तरी, कारण आत ठिणगी चालू असेल तर नुसतं हलवलं तरी हिसका मारतं आणि हात जातो. मागून, शेपटीकडून जावा.

दार फोडायला लगेच कुदळ घेऊ नका, आधी ओढून बघा, टेकायच्या आधी दाराची कडी काढून ठेवायची असं पायलटला सांगितलेलं असतं. तो बोलत असेल तर मास्टर स्विच, म्हणजे विमानातली वीज तोडायचं मुख्य बटण, बंद करायला सांगा. धूर, आग नसेल तर माणसाला ओढू नका, मान तशीच धरून ठेवा. धूर दिसला तर मात्र विचार नको, पट्टा विळ्यानं कापा आणि बाहेर काढा.

११२ ला एकानंच फोन करायचा, सगळ्यांनी नाही, आणि दुसऱ्याला मेन रोडवर उभा करायचा, ॲम्ब्युलन्सला आमच्या पाणंदी काय कळणार. तोवर बांधावरची काटेरी काढून वाट मोकळी करा.

माणसं बाहेर आली की विमानाचा एक तुकडा पण हलवू नका, आठवण म्हणून घरी तर नकोच, चौकशीवाले तो कुठं पडला होता तेच बघतात. पिकाचे फोटो काढा, तलाठ्याला बोलवून पंचनामा करून घ्या, आणि बांधाला आधी दोरी बांधा, कारण विमानानं चार सऱ्या मोडल्या तर बघायला आलेली गर्दी अख्खं रान तुडवते.