शिया बटर खोबरेलासारखं लावताय? या चुका टाळा

तेल कोमट करायचं, टाळूवर थापायचं, खसाखसा चोळायचं आणि सकाळी न्हायचं. हे आपल्या हातात इतकं मुरलंय की शिया बटरची डबी आणली तरी हात तेच करतो. मग दोनदा शाम्पू लावूनही केस मेणचट राहतात, कपाळावर पुळ्या येतात आणि डबीची रवानगी टाचांच्या भेगांकडे होते. (टाचांना ते झकास लागतं, हे खरंच.)

घाना, बुर्किना फासो, माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतल्या बायका शिया या झाडाच्या बिया उकडून, वाळवून, भाजून दळतात आणि तो लगदा पाणी घालून हाताने घुसळतात. ताकावर लोणी यावं तसा गोळा वर येतो, तेच शिया बटर. दाट कुरळ्या केसांत टाळूचं तेल वळणं घेत टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून असं जड लोणी तिथे कामाला येतं. आपल्यातल्या सरळ, पातळ केसांना तेवढंच चोपडलं तर ते चप्प बसणारच. अशा केसांना वाटाण्याएवढं पुरे, तेही कानाखालच्या भागाला.

टाळूला नकोच. कोंडा असेल तर मुळीच नको, कारण कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते.

कोरड्या केसांना लावणं ही सगळ्यात मोठी चूक. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातली प्रथिनं कमी झिजली ती फक्त खोबरेलाने. (कंपनी खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं.) शियात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिक आम्लं. त्याचा थर मुख्यतः वरून बसतो, आतला ओलावा धरून ठेवतो. आत ओलावाच नसेल तर धरणार काय? म्हणून न्हाल्यावर पंचाने टिपून, केस दमट असतानाच तळहातावर वितळवून लावा. त्यावर लगेच स्ट्रेटनर मात्र फिरवू नका.

डबीत कण झालेत म्हणून ती फेकू नका. तूप रवाळ झालं की आपण कौतुक करतो, इथे तेच तक्रारीचं कारण होतं. शिया साधारण ३२ ते ३७ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी कपाटातच पातळ होतं आणि रात्री सावकाश गोठताना कण धरतं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ते पूर्ण वितळवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पटकन गोठलं की मऊ राहतं. थेट गॅसवर नको. ‘क्रीम’ करायला त्यात पाणी किंवा कोरफडीचा गर फेटून ठेवला तर बुरशी धरते. डबीत ओली बोटंसुद्धा नकोत. खवट वास आला तर मात्र टाकून द्या. कच्च्या शियाचा भाजल्यासारखा, किंचित धुरकट वास वेगळा, तो असायचाच.

धुताना निघत नसेल तर शाम्पू आधी, पाणी नंतर. कोरड्या तेलकट केसांवरच शाम्पू चोळा, मग थोडंथोडं पाणी घेत फेस काढा.

आणि ‘केस मजबूत होतात’ म्हणून घेतलं असेल, तर आधी कंगव्यातले केस उजेडात बघा. आखूड तुकडे असतील तर केस मधेच तुटतायत, तिथे शिया उपयोगी पडेल. पूर्ण लांबीचा केस आणि टोकाला पांढरी गाठ दिसली, तर तो मुळापासून सुटलाय. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच; त्याहून जास्त गळू लागले तर डबी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.