राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा घटनेच्या मर्यादेत आहे का, हे कसे तपासावे

एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली की ती योग्य की अयोग्य यावर लगेच मते मांडली जातात. घटनेने घातलेल्या अटी पाळल्या गेल्या का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. त्या अटी तपासण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. उद्घोषणेचा मजकूर, राज्यपालांच्या अहवालातील उघड झालेला भाग आणि संसदेतील मतदानाच्या तारखा जवळ असल्या की बहुतेक काम होते.

प्रथम उद्घोषणा कोणत्या अनुच्छेदाखाली काढली आहे ते पाहावे. अनुच्छेद 352 राष्ट्रीय आणीबाणीचा, 356 राज्यातील घटनात्मक यंत्रणा कोलमडल्यासंबंधीचा, म्हणजेच राष्ट्रपती राजवटीचा, आणि 360 आर्थिक आणीबाणीचा आहे. यांपैकी 360 आजवर कधीच वापरला गेलेला नाही. राष्ट्रीय आणीबाणी असेल, तर 1975च्या अनुभवानंतर 1978 साली 44व्या घटनादुरुस्तीने घातलेली बंधने लागू होतात: ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण आता पुरत नाही, देशांतर्गत कारण असेल तर सशस्त्र बंडच असावे लागते, मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो, एका महिन्यात दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मान्यता द्यावी लागते, आणि अनुच्छेद 20 (गुन्ह्यांच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) व 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मधील हक्कांची न्यायालयीन अंमलबजावणी कोणत्याही परिस्थितीत स्थगित करता येत नाही. पुढील विवेचन मात्र 356 विषयी आहे, कारण संघराज्यातील घटकराज्याच्या स्वायत्ततेला सर्वाधिक धक्का याच अनुच्छेदाने बसलेला आहे.

यानंतर कारण पाहावे, आणि येथे घाई करू नये. राज्याचा कारभार घटनेच्या तरतुदींनुसार चालवता येत नाही, अशी राष्ट्रपतींची खात्री व्हावी लागते. ही खात्री प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाची असते. राज्यातील सत्ताधारी पक्षाचा लोकसभा निवडणुकीत पराभव झाला, एवढ्या कारणावर 1977 आणि 1980 साली प्रत्येकी नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित झाल्या. 1980च्या यादीत महाराष्ट्रही होता. आज हे कारण टिकणार नाही. 11 मार्च 1994 रोजी एस. आर. बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने या अधिकाराला स्पष्ट सीमा घातल्या. कर्नाटकात 1989 साली काही आमदारांच्या पत्रांवर विसंबून राज्यपालांनी सरकारने बहुमत गमावल्याचे कळवले, आणि सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची मुख्यमंत्री बोम्मई यांची तयारी असूनही तशी संधी दिली नाही. न्यायालयाने ही उद्घोषणा घटनाबाह्य ठरवली. म्हणून बहुमताचा वाद असेल तेव्हा विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की बहुमत चाचणी सभागृहात झाली का, की तिचा निकाल राजभवनातच लागला?

या निकालाने आणखी एक दार उघडले. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी अनुच्छेद 74(2) मुळे न्यायालयाला करता येत नाही; परंतु तो सल्ला ज्या कागदपत्रांवर आधारलेला आहे, ती मागवता येतात. ती सामग्री पुरेशी होती का, हे न्यायालय तोलत नाही; ती संबंधित होती का आणि अधिकार दुष्ट हेतूने वापरला गेला का, हे मात्र पाहते. त्यामुळे राज्यपालांचा अहवाल वाचताना त्यातील तथ्ये आणि अनुमाने वेगवेगळी लिहून काढावीत. केवळ घोडेबाजाराच्या संशयावर 23 मे 2005 रोजी बिहारची विधानसभा पहिली बैठक होण्यापूर्वीच विसर्जित केली गेली, आणि ती कृतीही सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मात्र निवडणूक प्रक्रिया सुरू झालेली असल्याने ती विधानसभा पुन्हा अस्तित्वात आली नाही. न्याय उशिरा मिळाला की मतदाराचे किती नुकसान होते, हे या खटल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

तारखांची तपासणी तुलनेने सोपी आहे. उद्घोषणेला दोन महिन्यांच्या आत दोन्ही सभागृहांची मान्यता मिळाली नाही, तर ती संपुष्टात येते. येथे साधे बहुमत पुरते, आणि ही तरतूद मला अपुरी वाटते. मान्यता एका वेळी सहा महिन्यांची असते आणि एकूण मर्यादा तीन वर्षांची आहे. एक वर्षापलीकडे मुदतवाढ हवी असेल, तर देशात किंवा त्या राज्याच्या एखाद्या भागात तरी राष्ट्रीय आणीबाणी लागू असावी लागते आणि निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने प्रमाणित करावे लागते. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा केवळ निलंबित ठेवता येते, विसर्जित करता येत नाही, हेही बोम्मई निकालातूनच आलेले आहे.

राष्ट्रपतींनी काय केले, हेही पाहावे. अनुच्छेद 74 नुसार ते सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. के. आर. नारायणन यांनी 1997 साली उत्तर प्रदेशासंबंधीची आणि 1998 साली बिहारसंबंधीची शिफारस अशीच परत पाठवली होती.

राजवट सुरू असताना उच्च न्यायालयाचे अधिकार राष्ट्रपतींना स्वतःकडे घेता येत नाहीत. त्यामुळे आव्हान देण्याचा मार्ग राज्यातच खुला राहतो. उत्तराखंडात 2016 साली उच्च न्यायालयाने उद्घोषणा रद्द केली, त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि अखेर त्याच न्यायालयाच्या आदेशाने 10 मे रोजी सभागृहात बहुमत चाचणी होऊन राजवट उठली.

राजवट उठल्यावरही एक काम उरते. या काळात संसदेने किंवा तिने अधिकार दिलेल्या यंत्रणेने राज्यासाठी केलेले कायदे अनुच्छेद 357 नुसार आपोआप संपत नाहीत. सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत लागू राहतात. त्यांची यादी मिळवून ती आपल्या आमदारापर्यंत पोहोचवावी आणि नव्या विधानसभेने त्यांतील प्रत्येक कायद्याचा विचार केला का, हे विचारावे.